एक आकडा

प्रवासाला निघण्यापूर्वी महिनाभर आधी मी एक काम न चुकता करतो. प्रवासाची सारी कागदपत्रे टेबलावर मांडतो, चष्मा पुसून घेतो आणि त्यांवरील प्रत्येक अक्षर व प्रत्येक आकडा मोठ्याने वाचतो. माझे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, पारपत्राचा क्रमांक, त्याची मुदत, यांतले काही म्हणजे काही सोडत नाही. समोर घरातले कोणीतरी मूळ दाखला हातात धरून बसलेले असते आणि माझ्या प्रत्येक शब्दाला ‘हो’ म्हणत असते. घरची मुले या प्रकाराला ‘बाबांचे पारायण’ म्हणतात आणि तोंडाला हात लावून हसतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. एक आकडा केवढा मोठा असतो, हे त्यांना अजून कळलेले नाही. मला ते वयाच्या बाराव्या वर्षी कळले.

ही गोष्ट १९८२ सालची आहे. आमचे घर चिपळुणात, वाशिष्ठी नदीपासून हाकेच्या अंतरावर होते. वडील तेथील शाळेत इतिहास शिकवीत. माझी आत्या लग्नानंतर अमेरिकेत शिकागो येथे राहावयास गेली होती. त्या वर्षी मे महिन्यात तिचे निळे हवाईपत्र आले. डिसेंबरात तिचे पहिले बाळंतपण होते आणि त्या परक्या देशात तिचे करावयास कोणी नव्हते. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, ‘आई जवळ असली तर मला कशाचीच भीती वाटणार नाही.’

आजीने तोवर केलेला सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूरचा. विमान तिने आकाशात पाहिले होते तेवढेच. तिने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतले, पदराने डोळे टिपले, पत्राची नीट घडी केली आणि म्हणाली, “मी जाते.”

परदेशी जावयाचे म्हणजे आधी पारपत्र काढावे लागते. बाबांनी मुंबईहून अर्जाचा कागद मागविला. अर्ज इंग्रजीत, मोठ्या सुट्या अक्षरांत भरावयाचा होता. बाबांचे अक्षर वळणदार होते, पण घाईचे. माझ्या इंग्रजी अक्षराला मात्र शाळेत नुकतेच बक्षीस मिळाले होते. बाबा म्हणाले, “अर्ज तूच भर. आजीच्या प्रवासाला तुझा हात लागू दे.” त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुगली. मी हात स्वच्छ धुतले, नवी टाक शाईने भरली आणि माजघरात पाट घेऊन बसलो.

आजीने आपल्या पत्र्याच्या पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. तो १९३५ सालचा, पिवळा पडलेला, बाळबोध अक्षरांत हाताने लिहिलेला होता. त्यावरचे नाव वाचून मी चकितच झालो. ते आजीचे नव्हतेच! आजी हसून म्हणाली, “अरे, ते माझे माहेरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले गेले आणि जुने मागे राहिले.” माहेरचे नाव एका नदीचे होते, सासरचे एका देवीचे. इतकी वर्षे मी जिला ‘आजी’ म्हणून हाका मारीत होतो, तिला दोन नावे असतील हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. अर्जात आधीच्या नावासाठीही जागा होती. ते मी सावकाश, जपून लिहिले.

“आजी, तुझी जन्मतारीख काय?” मी विचारले.

“तारीख मला रे काय ठाऊक! नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती आणि त्या पौर्णिमेच्या रात्री चंद्राला खग्रास ग्रहण लागले होते, असे माझी आई सांगायची. दाखल्यावर असेल ती लिही.”

दाखल्यावर १२ ऑगस्ट १९२४ अशी तारीख होती. ती मी इंग्रजी आकड्यांत उतरवून घेतली. बाबांनी रात्री अर्जावरून नजर फिरविली, आजीची सही घेतली, दाखल्याची साक्षांकित नक्कल जोडली आणि दुसऱ्या दिवशी तो टपालात टाकला.

श्रावणातल्या एका दुपारी पोस्टमन नोंदणी केलेले पाकीट घेऊन आला. बाबा शाळेत होते. आजीने सही केली आणि पाकीट माझ्या हाती दिले. आतून गडद निळ्या रंगाची लहानशी पुस्तिका निघाली. तिच्यावर सोनेरी अशोकस्तंभ होता. आत आजीचे छायाचित्र आणि हाताने लिहिलेला तपशील होता. त्या काळी आपल्याकडची पारपत्रे शाईने हातांनीच लिहीत. मी एकेक ओळ आजीला मराठीत सांगू लागलो. नाव बरोबर होते. जन्मगाव बरोबर होते. जन्मतारीख वाचताना मात्र माझी जीभ अडखळली. तेथे १२ ऑगस्ट १९२८ असे होते.

“काय झाले रे?” आजीने विचारले.

“काही नाही. सगळे बरोबर आहे,” मी म्हणालो.

आजीने ती पुस्तिका देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिले आणि माझ्या हातावर साखर ठेवली. ती साखर मला गोड लागली नाही.

चूक कोणाची होती हे मला त्याच क्षणी उमगले होते. इंग्रजी आठाचे डोके उघडे ठेवले की मराठी चार होतो. दाखल्यावरचा चार पाहता पाहता माझ्या हाताने त्याचे डोके मिटवून टाकले होते. अर्थ न पाहता मी नुसती आकृती उतरविली होती. कचेरीतल्या माणसाने दाखला आणि अर्ज ताडून पाहिला असता तर त्याला ती चूक दिसली असती. पण त्याच्या नजरेतूनही ती निसटली. माझ्या एका फटक्याने आजी चार वर्षांनी लहान झाली होती. अकराव्या वर्षी चौथी उत्तीर्ण झालेली आजी आता कागदोपत्री सातव्याच वर्षी चौथी उत्तीर्ण झाली होती.

संध्याकाळी बाबांनी पारपत्र हातात घेतले, छायाचित्र पाहिले, कौतुकाने मान हलविली आणि ते कपाटात ठेवले. मी गप्प राहिलो. उद्या सांगू, असे मी मनाशी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्यावर ढकलले. चार वर्षांनी असे काय बिघडणार, आजी तर तीच आहे ना, अशी मी स्वतःची समजूत घालीत होतो. असे आठ दिवस गेले. आजी रोज संध्याकाळी बाळासाठी लोकरीचे टोपडे विणीत बसे आणि शिकागोला थंडी किती असते, हे मला विचारी. मी उत्तर देत असे, पण तिच्याकडे पाहत नसे.

मग आत्याचे दुसरे पत्र आले. तिने लिहिले होते, ‘व्हिसासाठी मी इकडून पाठवीत असलेल्या कागदांवर आईची जन्मतारीख १२ ऑगस्ट १९२४ लिहिली आहे. आईचे सारे कागद एकमेकांशी जुळताहेत ना, ते नीट पाहा. येथे अक्षर न् अक्षर तपासतात.’ बाबांनी ते पत्र मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “आपले सारे चोख आहे.” माझ्या घशाशी घास अडकला.

त्या रात्री मला झोप आली नाही. सगळीकडे निजानीज झाल्यावर मी उठलो. बाबांच्या दाढीच्या पेटीतले एक ब्लेड घेतले, शाईची दौत घेतली, कपाट उघडले आणि कंदिलाच्या उजेडात ती पुस्तिका पाटावर ठेवली. आठ हलकेच खरवडायचा आणि त्या जागी चार लिहायचा, एवढाच माझा बेत होता. माझे अक्षर तर बक्षीस मिळविलेले होते!

तारखेचे पान शोधताना पहिल्या पानावरचा मजकूर माझ्या दृष्टीस पडला. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने तेथे विनंती केलेली होती. हे पारपत्र बाळगणाऱ्या व्यक्तीला अडथळ्यावाचून जाऊ द्यावे आणि तिला लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे, असा तिचा आशय होता. मी तो मजकूर पुन्हा वाचला. माझ्या आजीसाठी, जिने पंढरपूरच्या पलीकडचे जग पाहिले नव्हते तिच्यासाठी, देशाचे राष्ट्रपती साऱ्या जगाला विनंती करीत होते. आणि त्याच पुस्तिकेवर मी ब्लेड धरून बसलो होतो. माझा हात थरथरू लागला. मी ब्लेड खाली ठेवले आणि मला रडू कोसळले.

आजीची झोप सावध. ती उठून आली. तिने कंदील पाहिला, दौत पाहिली, ब्लेड पाहिले, पण एक शब्दही बोलली नाही. ती माझ्याजवळ बसली. मी तिला सारे सांगितले. अर्ज भरताना झालेली चूक सांगितली आणि ‘सगळे बरोबर आहे’ हे खोटे बोललो होतो, तेही सांगितले.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाळ, भातातला खडा सुपात दिसला तर बोटाने उडवता येतो. ताटात दिसला तर घास बाजूला काढावा लागतो. दाताखाली आला तर दातच जातो. खडा तोच, पण जितका उशीर तितका तो महाग पडतो. तुझा खडा अजून ताटात आहे. चल, बाबांना उठवू.”

“बाबा मारतील.”

“मारले तर मी मध्ये पडेन. पण सांगायचे तू. माझ्या तोंडून नको.”

बाबांना उठविले. त्यांनी सारे ऐकून घेतले. ते मला रागावले, पण माझ्या अपेक्षेइतके नाही. ब्लेडाकडे पाहून मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. मग ते म्हणाले, “आठ दिवस तू गप्प राहिलास, ही तुझी चूक. पण अर्ज मी पुन्हा ताडून पाहिला नाही, ही माझी. दोघांच्या चुकांचा भार एकट्या आजीने कशाला वाहायचा?”

सकाळी शेजारचे एक गृहस्थ आले. सारी हकिकत ऐकून ते म्हणाले, “अहो मास्तर, कशाला एवढा व्याप? अमेरिकेतल्या कागदांवरही अठ्ठावीसच लिहावयास सांगा. चार वर्षांनी वय कमी झाले तर आजीबाईंचे काय नुकसान आहे?” बाबा शांतपणे म्हणाले, “एक खोटे वर्ष सांभाळण्यासाठी प्रत्येक कागदावर खोटे लिहावे लागेल आणि खाली आईला सही करावी लागेल. तिच्या सहीची किंमत मी एवढी कमी करणार नाही.”

त्याच रात्री आजी, बाबा आणि मी एस.टी.ने मुंबईस निघालो. मला बरोबर घेण्याचे कारण नव्हते, पण आजीनेच तसा आग्रह धरला. बाहेर पाऊस कोसळत होता. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. परशुरामाचा घाट, मग भोस्त्याचा, मग कशेडीचा, असे घाट चढत-उतरत गाडी चालली होती. आजीने सारे कागद मेणकापडात गुंडाळून छातीशी धरले होते. ती रात्रभर झोपली नाही आणि मीही नाही.

सकाळी आम्ही कचेरीच्या दारात रांगेत उभे राहिलो. रांग रस्त्यापर्यंत आली होती. वेळ जावा म्हणून बाबा मला पारपत्राचा इतिहास सांगू लागले. ते म्हणाले, “ही नवी गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. एक माषक एवढे नाणे घेऊन तो प्रवाशाला मुद्रा देई. मुद्रेवाचून हिंडणाऱ्या देशवासीयाला बारा पणांचा दंड होई आणि खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून मोठा. आपल्या कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे दस्तक असल्याखेरीज गलबतांना निर्धास्तपणे जाता येत नसे. आज पारपत्राची जी पुस्तिका दिसते, तिचा सर्व देशांसाठी एकसारखा नमुना मात्र १९२० साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत सुचविला गेला.” मी ऐकत होतो, पण ‘खोटी मुद्रा’ हे शब्द तेवढे माझ्या कानात घुमत राहिले.

दुपारी आमची पाळी आली. मेजामागे एक प्रौढ अधिकारी बसले होते. त्यांनी पारपत्र पाहिले, कपाटातून आमचा अर्ज मागविला आणि दाखल्याची नक्कल त्याच्याशेजारी ठेवली. मग त्यांनी विचारले, “हा अर्ज कोणी लिहिला?”

बाबा काही बोलण्याच्या आत आजीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पुढे झालो आणि म्हणालो, “मी लिहिला. चूक माझी आहे. मराठी चाराचा मी इंग्रजी आठ केला.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “अक्षर छान आहे तुझे,” ते म्हणाले. मग दोन्ही कागद त्यांनी माझ्यापुढे सरकविले. “पण हे बघ, येथे दोन चुका आहेत. एक लिहिणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दुसरी आमची आहे. तुझी तू कबूल केलीस, आमची मी करतो.” एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने एका मुलासमोर असे म्हणावे, याचे मला नवल वाटले.

मग ते बाबांना म्हणाले, “गुरुजी, तुम्ही वेळेवर आलात. हे विमानतळावर उघडकीस आले असते तर आजीबाईंना परत फिरावे लागले असते. आणि एक बरे केलेत, पारपत्राला हात लावला नाहीत. काही लोक घरीच खाडाखोड करतात. १९६७ च्या पारपत्र कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. चूक प्रामाणिक असली तर तिला उपाय आहे. खाडाखोड केली की ती चूक राहत नाही, तो अपराध होतो.”

मी खाली मान घातली. आजीचा हात अजून माझ्या पाठीवर होता. तिने तो जरासा दाबला.

त्यांनी काय काय करावयाचे ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. चूक कशी झाली हे सांगणारा साधा अर्ज, मूळ दाखला, मुद्रांक कागदावरचे प्रतिज्ञापत्र आणि जुने पारपत्र, एवढे कागद द्यावयाचे होते. प्रतिज्ञापत्र करताना आजीला दोन्ही नावे मोठ्याने सांगावी लागली. नदीचे नाव उच्चारताना ती क्षणभर थांबली. “चाळीस वर्षांनी हे नाव माझ्या तोंडून बाहेर पडले,” ती म्हणाली. त्या धावपळीत मला एवढे एकच सुख वाटले.

नवा अर्ज पुन्हा मीच भरला. बाबांनी तसेच सांगितले. या वेळी मात्र मी एक शब्द लिही आणि बाबा दाखल्यावरचा तोच शब्द मोठ्याने वाचीत. वर्षाशी आल्यावर मी थांबलो, “एक हजार नऊशे चोवीस,” असे अक्षरांत म्हणालो आणि मगच आकडे लिहिले.

त्यानंतरचे दिवस फार सावकाश गेले. रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लागलेले असत. मी घालविलेले ते आठ दिवस मला राहून राहून आठवत. दसऱ्याला आठ दिवस उरले असताना नवे पारपत्र आले. आजीने ते उघडलेही नाही. ते माझ्या हाती देऊन ती म्हणाली, “वाच. आणि या वेळी जे असेल तेच सांग.” मी प्रत्येक अक्षर वाचले. सारे बरोबर होते. व्हिसा मिळाला. दिवाळी करून आजी विमानात बसली. डिसेंबरात तार आली : मुलगी झाली, आई आणि बाळ सुखरूप. आत्याने त्या मुलीचे नाव आजीच्या माहेरच्या नावावरून ठेवले. प्रतिज्ञापत्राची हकिकत आजीने तिला सांगितली होती.

या गोष्टीला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. माझ्या त्या ‘पारायणा’मुळे ओळखीचे लोकही आपापले कागद माझ्याकडे तपासावयास आणतात, आणि मला नाना तऱ्हा दिसतात. आपला ‘व’ रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात. एकाच घरात वडिलांचे आडनाव एका तऱ्हेने आणि मुलाचे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. ‘ळ’ला तर त्या लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. कोणाच्या तिकिटावर वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलेले असते. जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा जन्म १ जूनला झालेला आढळतो. खरी तारीख घरात कोणाला ठाऊक नसे, म्हणून शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहून टाकलेली असते. अशा वेळी प्रत्येकाला मी एकच सांगतो : आजच विचारा, आजच दुरुस्त करून घ्या, आणि स्वतःच्या हाताने त्यावर काही खोडू नका.

आता हाताने लिहिलेली पारपत्रे परदेश प्रवासाला चालत नाहीत. त्यांची मुदत २४ नोव्हेंबर २०१५ रोजी संपली. आजच्या पारपत्रात तपशिलाच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत ४४ चिन्हे असतात आणि ती यंत्र वाचते. त्यांत जन्मतारखेपुढे एक पडताळ्याचा अंक असतो. त्याचे गणित तुम्हांलाही करता येईल. आजीची तारीख तेथे वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने २४०८१२ अशी लिहिली गेली असती. या सहा अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणावे. १४, १२, ०, ५६, ३ आणि २ हे गुणाकार येतात आणि त्यांची बेरीज ८७ होते. तिला १० ने भागले की बाकी ७ उरते. हाच पडताळ्याचा अंक. यंत्राने चुकून चाराच्या जागी आठ वाचला, तर बेरीज ९९ होते आणि बाकी ९ उरते. अंक जुळत नाही आणि यंत्र थांबते.

हे गणित मी प्रथम सोडविले तेव्हा मला मोठा आनंद झाला. वाटले, माझ्या लहानपणी असे यंत्र असते तर! पण थोडा विचार केल्यावर तो आनंद ओसरला. मी अर्जातच आठ लिहिला असता, तर यंत्राने आठाचेच गणित केले असते आणि ९ हा अंक छापून टाकला असता. लिहिलेले आपण बरोबर वाचले की नाही, एवढेच यंत्राला कळते. लिहिलेले खरे आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते लिहिणाऱ्यालाच पाहावे लागते.

मोठेपणी मी एकदा ग्रहणांचे जुने कोष्टक पाहिले. १४ ऑगस्ट १९२४ च्या रात्री, नारळी पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण झाले होते. १९२८ च्या ऑगस्टात चंद्राला ग्रहण लागलेच नव्हते. आजीला तारीख ठाऊक नव्हती, इंग्रजी आकडा ओळखता येत नव्हता. पण तिने आईकडून ऐकून जे जपले होते, ते शेवटपर्यंत खरे होते. चुकली होती ती बक्षीस मिळविलेली माझी लेखणी.

ते पहिले पारपत्र पुन्हा आमच्या घरी आले नाही. पण त्या रात्रीचे ब्लेड आजीने आपल्या पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या दाखल्याशेजारी, कागदात गुंडाळून ठेवले होते. तिच्या मागे पेटी उघडली तेव्हा ते मला सापडले. गंजून गेले होते, पण त्याला कधी शाई लागलेली नव्हती.